गाणे नेले, नाव वाडीतच राहिले

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला तर त्याला गावच दिसेना, तेव्हा कुठे जगाला कळले. १५१ माणसे गेली, बहुतेक महादेव कोळी. मग वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. मेलेल्या आदिवासीला कॅमेरा मिळाला! याच पट्ट्यातला आदिवासी हिरडा गोळा करतो, डिंभे धरणात त्याची भातखाचरे जातात, तेव्हा या गाड्या कुठे असतात?

शिवनेरीवर चित्रीकरणाला मंडळी येतात, नाणेघाटात येतात. आमचा कोळी, ठाकर त्यांना वाट दाखवतो, सामान वाहतो. पडद्यावर मात्र तो पाने गुंडाळून, भाला घेऊन नाचणारा, नाहीतर तुटक मराठी बोलून हसवणारा गडी! आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारशाहीविरुद्ध उठला, १८७६ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडले. याच्यात नाट्य कमी आहे काय? पण सावकारांच्या नातवंडांनी तो सिनेमा काढावा अशी अपेक्षा आम्ही करीत नाही.

१९७७ चा ‘जैत रे जैत’ चांगलाच चित्रपट आहे, आम्हीही तो अनेकदा पाहिला. कथा ठाकरांची. पण कादंबरीकार गो. नी. दांडेकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, नायक-नायिका मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. यांत ठाकर कोण? तिकडे कॅनडात २००१ साली इनुइट दिग्दर्शक झकारियास कुनुक याने ‘अतानारजुआट’ ही आपल्याच पूर्वजांची कथा आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांना घेऊन काढली आणि कान महोत्सवात तिला पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला.

मध्यंतरी आंबेगावच्या पश्चिम भागातील एका वाडीत आम्ही गेलो होतो. एका आजीने पेटीतून कागद काढला. चित्रीकरणवाल्यांनी तिची लग्नातली गाणी ध्वनिमुद्रित केली, हातावर पाचशे रुपये ठेवले आणि इंग्रजी कागदावर अंगठा घेतला. आम्ही वाचले : सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे. आजी म्हणाली, “वकीलदादा, गाणं नेलं त्याचं काय नाय. पण कोणाचं म्हणून सांगत्यात?” कोणाचेच म्हणून सांगत नव्हते. नामावलीत ‘पारंपरिक’ एवढाच शब्द होता.

वाचकहो, परंपरा गात नाही, माणूस गातो. कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ३८ गाणाऱ्याला ‘सादरकर्ता’ मानते. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. चित्रपटासाठी लेखी संमती दिली तरी व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क उरतो, आणि कलम ३८ ब प्रमाणे आपले नाव लावून घेण्याचाही. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. मग चित्रीकरणाचा अर्ज ग्रामसभेपुढे का येऊ नये? वाळूच्या लिलावावर आपण भांडतो, गाण्यावर का नाही?

एक गोष्ट आपल्या चळवळीलाही ऐकवली पाहिजे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, कारण इतरांच्या पत्रांत आपल्याला जागा नव्हती. आणि आपण? मोर्चाच्या पुढे आदिवासींचे ढोलपथक लावतो, फोटो काढतो, सभा सुरू झाली की ढोलवाले मंडपाबाहेर. त्यांच्या हाती माईक किती वेळा दिला? आम्ही स्वतः अशा सभांचे निमंत्रक होतो, म्हणून लिहितो.

भात कापून झाले की चित्रीकरणवाले पुन्हा डोंगरात येतील. दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांना विनंती आहे, अंगठा उठण्याआधी कागद आमच्याकडे आणा. मराठीत वाचून दाखवू, रॉयल्टीचे आणि नावाचे कलम घालून देऊ. फी घेणार नाही. आजीच्या कागदावर नोटीस तयार आहे, या आठवड्यात जाईल.