ज्याची जाहिरात, त्याचाच इतिहास?

स्पष्टच लिहितो. जुन्या ऐरणी आणि त्यांच्या जुन्या जाहिराती जमवणारे आम्ही लोक 'वारसा जपतो' असे छाती फुगवून सांगतो, त्यात निम्मे ढोंग आहे. हे मी बाहेरून दगड मारत नाही. माझ्या स्वतःच्या बाल्कांवात चार ऐरणी आहेत, आणि बायको गेली कित्येक वर्षे त्यांना पाय लागून ठेचकाळते आहे.

गेल्या डिसेंबरात भाच्याकडे सचिनला गेलो होतो. हा सचिन म्हणजे आपला क्रिकेटवाला नव्हे. सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या रेल्वेमार्गावर हे गाव आहे. एकेकाळी तिथे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचे चिमुकले संस्थान होते. आज औद्योगिक वसाहत आहे. जिथे कारखाने तिथे भंगार, आणि जिथे भंगार तिथे मी!

एका वखारीत सळ्यांच्या ढिगाखाली शिंग दिसले. शिंगाची विलायती ऐरण! रॉकेलने पुसल्यावर कुशीवर 'पीटर राइट' आणि 'पेटंट' ही अक्षरे उमटली. खाली तीन आकडे : १-२-१०. जाणकार याच आकड्यांवर जीव टाकतात. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याच्या पाव भागाचा, २८ पौंड. तिसरा सुट्या पौंडांचा. ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड. जवळजवळ ८१ किलो. हातोडी टेकवली तर घंटेसारखी वाजली. भंगारवाला मूळचा धुळ्याकडचा. तो म्हणाला, "साहेब, एवढं काय बघता? लोखंड ते लोखंड." मी मनात त्याच्या अज्ञानाला हसलो, किलोवर पैसे मोजले आणि ऐरण ट्रान्सपोर्टने गोव्याला धाडायची व्यवस्था केली.

बाहेर आलो तर रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांचे एक कुटुंब काम करीत होते. जमिनीत रुळाचा तुकडा पुरलेला. नवरा बसून सांडशीने लालबुंद लोखंड धरी आणि बायको उभी राहून घण घाली. भाच्याने विचारले, "मामा, ही ऐरण नाही का?"

मी म्हणालो, "छे रे, तो रुळाचा तुकडा."

मित्रहो, त्या उत्तराची लाज मला परतीच्या गाडीत वाटली. ज्या लोखंडावर त्या क्षणी कोयता घडत होता ती ऐरण नाही, आणि जे भंगारात निपचित पडले होते ती मात्र ऐरण! हे मला शिकवले कोणी? जाहिरातींनी.

अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या फिशर कंपनीने ऐरणीवर गरुड ओतला आणि तोच गरुड जाहिरातीत छापला. म्हणून आज गरुडाची ऐरण ओळखता येते, तिचे वय काढता येते, तिला भाव येतो. रिचर्ड पोस्टमन यांनी अमेरिकेतल्या ऐरणींवर १९९८ साली अख्खे जाडजूड पुस्तक लिहिले. उत्तमच केले. आपल्याकडेही किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला इतिहास आहे, कारण त्याच्यामागे कारखाना होता, छापील मजकूर होता, १९२० पासून स्वतःचे मासिक होते. पण लाकडी नांगराचा फाळ दरसाल तापवून, ठोकून, पाणी देऊन परत करणाऱ्या गावच्या लोहाराची जाहिरात कोणी छापली? छापणार तरी का? तो बलुतेदार. सुगीला धान्य ठरलेले, गिऱ्हाईक ठरलेले. त्याला जाहिरातीची गरजच नव्हती. आणि आता जाहिरात नाही म्हणून आम्ही त्याला इतिहासही द्यायला तयार नाही.

आमच्या मेस्तांची ऐरण तुम्ही पाहिली असेल. शिंग नाही, अक्षर नाही; लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा, बसून काम करणाऱ्याच्या उंचीचा. खंडेनवमीला तिला फूल वाहायचे. संग्राहक तिला हात लावत नाहीत. 'मेक नाही' म्हणतात. ती मुकाट्याने भंगारात जाते. विलायती ऐरण मात्र किनाऱ्यावरच्या हॉटेलात कुंडीखाली जाऊन बसते, शेजारी मुद्दाम गंज चढवलेला नवाकोरा 'जुना' पत्रा!

कोणी म्हणेल, लोहाराच्या पोराला भात्यापुढे परत बसवायचे आहे का? मुळीच नाही. मी पंख्याखाली बसून फायली हलवणारा कारकून. दुसऱ्याच्या मुलाने धुरात डोळे फोडावेत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्याने खुशाल शिकावे, परदेशी जावे. माझे भांडण आमच्याशी आहे. वस्तू उचलायची आणि माणूस तिथेच टाकायचा, याला जपणे म्हणत नाहीत. 'साधी माणसं' (१९६५) मधले जगदीश खेबुडकरांचे लोहाराचे गाणे लागले की आपले डोळे ओले होतात. शेजारच्या लोहाराचे नाव विचारले तर सांगता येत नाही.

दुसरी वाटही आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे असल्या घरगुती वस्तूंत जन्म घालवला. आमच्या बाणावलीला 'गोवा चित्र' संग्रहालयात शेतकऱ्या-कारागिरांची बिनछापाची अवजारे मानाने उभी आहेत. छाप नसला तरी वस्तू बोलते, विचारणारा हवा.

आमच्या कचेरीत जडसंग्रह नोंदवही असते. मोडकी खुर्चीसुद्धा तिच्यात कुठून आली, कोणाच्या ताब्यात आहे, हे लिहावे लागते. तेवढेही आम्ही ऐरणीसाठी करीत नाही. म्हणून मी वही घातली. रकाने साधे : गाव, वापरणाऱ्याचे नाव, त्यावर काय घडले, तो हे काम कोणाकडून शिकला, ऐरण का विकली. माझ्या चारांपैकी सगळे रकाने भरले ते एकाच ऐरणीचे, आमच्या वाड्यावरच्या मेस्तांच्या ठोकळ्याचे. त्यांनी घडवलेल्या कोयत्यांची आणि पाळांची आठवण सांगता सांगता चहा दोनदा गार झाला.

सचिनच्या पीटर राइटपुढे वजन आहे, छाप आहे, आणि 'वापरणारा' या रकान्यात आडवी रेघ आहे. पुढच्या खेपेस भाच्याकडे गेलो तर आधी त्या रुळाच्या तुकड्यापाशी बसेन. ते कुटुंब तिथेच असेल याची मात्र खात्री नाही.

तुमच्याकडे ऐरण असेल तर आजच एक कागद घ्या. विकणारा हयात असेल तर त्याला गाठा.