गव्हाचा डबा चालतो, मग डंबेल का नाही?



मागच्या रविवारी मंदिरात एक वहिनी भेटल्या. माझ्या पिशवीतून डोकावणारी रिंग बघून म्हणाल्या, "काकू, एवढं मोठं दुखणं झालं, आता कशाला ही धावपळ? आराम करा, देवाचं नाव घ्या." हेतू चांगलाच होता. पण हे 'आराम करा' मी तीन वर्षं ऐकते आहे, म्हणून आज स्पष्टच लिहिते.

स्तनाच्या कॅन्सरसाठी माझं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो आणि रेडिएशन. सगळं आटोपून पहिल्यांदा मंदिरात गेले आणि घंटेपर्यंत हातच पोचेना. खांद्याच्या वर जाईचना. डाव्या हाताने वाजवली आणि कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. केमोमुळे तळवेही बधिर झालेले. अनवाणी चालताना फरशी गार आहे की गरम, ते कळत नव्हतं.

हॉस्पिटलमधून मिळालेल्या कागदावर एक ओळ होती : या हाताने दोन किलोपेक्षा जास्त उचलू नये. घरात सगळ्यांनी ती वाचली. आता गंमत बघा. चौथ्या महिन्यात मी गव्हाचा दहा किलोचा डबा ओढून काढला, भरलेला कुकर उतरवला, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. पण फिजिओथेरपीच्या ताईंनी दिलेलं अर्ध्या किलोचं डंबेल उचललं, तर आमचे हे, सूनबाई, शेजारच्या आक्का, सगळे धावले! म्हणजे काळजी हाताची नव्हती. स्वयंपाकाचं ओझं ओझ्यात धरतच नाहीत आणि स्वतःसाठी काढलेली वीस मिनिटं मात्र चैन ठरतात.

घरकामात व्यायाम होतोच, असं आपण म्हणतो. मीही म्हणायचे. पण पोळ्या लाटून खांदा मोकळा होत नाही. माझा मोकळा झाला तो भिंतीवर बोटं चालवून. रोज जिथवर बोट पोचेल तिथे पेन्सिलीची खूण आणि तारीख. बी.कॉम.चा उपयोग एवढाच, की नोंद कधी चुकली नाही.

डॉक्टरांचंही मत पूर्वी वेगळं होतं. जोर लावला की हाताला सूज येणार, असं सगळे मानत. 1996 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या आजारातून उठलेल्या 24 बायकांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. एकीलाही नवी सूज आली नाही. पुढे 2009 मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 141 बायकांच्या हाताला आधीपासूनच सूज होती. ज्यांनी दाबाची बाही घालून, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं, त्यांची सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणून ताईंनी मला अर्ध्या किलोवर सुरू केलं आणि महिनोन्महिने तिथेच ठेवलं. मी कुरकुरले, पण त्यांचं बरोबर होतं. मनाने सुरू करू नका. आजार हाडात गेला असेल, रक्तातल्या पेशी कमी असतील, ताप असेल किंवा हात जड वाटत असेल, तर आधी डॉक्टर.

दुसरा आक्षेप धर्माचा. कर्माचे भोग आहेत, शरीराचे लाड कशाला, असं एकीने ऐकवलं. मला हे पटत नाही. 48 मिनिटांच्या सामायिकाला बसायचं तर पाठ आणि गुडघे लागतातच की. उपचारांच्या काळात दशलक्षणात माझा एकही उपवास झाला नाही, त्याचं खूप लागलं होतं. आता चोविहार पाळते. सूर्यास्तानंतर तोंडात काही नाही, म्हणून व्यायाम सकाळी दर्शनानंतर आणि लगेच नाश्त्याला मुगाचं धिरडं नाहीतर पनीर. आपल्या ताटात डाळ पातळ आणि भात जास्त असतो, तिथे मात्र मी हात सैल सोडला आहे.

कॉलेजात मी रिंग खेळायचे. लग्नानंतर चाळीस वर्षांत हातात धरली नव्हती. गेल्या वर्षी सोसायटीच्या अंगणात दोरी बांधली. पहिला आठवडा मी फक्त झेलत होते, तेही डाव्या हाताने. आता चौघी येतो. त्यातल्या एकीचं रेडिएशन दिवाळीत संपलं. ती अजून खुर्चीवर बसून गुण मोजते आणि मी चुकले की सगळ्यांत मोठ्याने हसते. उजव्या हाताने माझी रिंग अजून दोरीखालूनच जाते बहुतेक वेळा. घंटा मात्र वाजते.