वर्षाला एक जेवण नको, दहा गुंठे द्या



3 डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. तो नेहमी आगमनकाळातच येतो, त्यामुळे आपल्या मंडळ्यांना सोयीचा पडतो. 'विशेष मुलांना' बोलवायचे, डोक्यावर लाल टोप्या घालायच्या, केक कापायचा, बिर्याणी वाढायची, फोटो काढायचे आणि संध्याकाळी गाडीत बसवून परत पाठवायचे. पुढचे बोलावणे पुढच्या डिसेंबरात. आज मला या जेवणाविरुद्ध लिहायचे आहे.

जेवू घालणे हे पुण्याचेच काम, त्याबद्दल वाद नाही. पण आपण ज्यांना 'मुले' म्हणतो, त्यांच्यातले कितीतरी जण बावीस, पंचवीस, तीस वर्षांचे आहेत. कोणाला दाढी आली आहे, कोणाचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. त्यांच्या हातात आपण फुगा देतो. त्यांच्या वयाच्या आपल्या मुलांना आपण विचारतो, 'नोकरीचे काय झाले?' त्यांना मात्र विचारतो, 'केक आवडला का?' या दोन प्रश्नांतले अंतर हेच आपले पाप आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे दरवर्षी पाहतो. स्वमग्न मूल असो, डाउन सिंड्रोम असलेले असो, नाही तर गावाने 'मंद' म्हणून बाजूला काढलेले असो, दृढीकरणापर्यंत ते वर्गात येते. मागच्या बाकावर बसते, गाणी सगळ्यांत आधी पाठ करते. दृढीकरण होते, पवित्र आत्म्याची दाने मिळाली असे आपण जाहीर करतो, आणि त्यानंतर ती दाने वापरायला आपल्याकडे जागाच नसते. शाळा संपते, वर्ग संपतो. अठराव्या वर्षापासून पुढचे आयुष्य म्हणजे घरातली एक खोली, टीव्ही आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या आईची एकच धास्ती, 'माझ्यामागे याचे काय?'

मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी आठवा. तो पहाटेपासून पाच वेळा चावडीवर जातो. दिवस मावळायला आला तरी काही माणसे तिथे उभीच असतात. का उभे आहात असे विचारल्यावर ती एकच साधे कारण सांगतात. आम्ही आळशी आहोत, आजारी आहोत असे ती म्हणत नाहीत. त्यांना कोणी कामाला बोलावलेलेच नसते. धनी त्यांना जेवणाचे पाकीट देऊन घरी पाठवत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण मजुरी देतो. या दाखल्यावर देवाच्या कृपेविषयी आपण शेकडो प्रवचने ऐकली आहेत. पण चावडीवर उभ्या असलेल्या त्या माणसांना आपल्यापैकी कोणी मळ्यात नेले आहे का?

मी दिग्गीच्या बाजूचा माणूस. जोयडा तालुक्यातल्या या डोंगरात काळी नदी उगम पावते. इथली कुणबी माणसे भाताबरोबर पिढ्यानपिढ्या कंदमुळे लावत आली आहेत. कणगी, कोनफळ, सुरण, मुडली. जोयड्याला तर कंदमुळांचा मेळाच भरतो. या शेतीकडे नीट पाहा. पावसाआधी माती भुसभुशीत करायची, आळे करायचे, कंद ठेवायचा, वर पालापाचोळा घालायचा. मग दुसरे आळे, मग तिसरे. पाऊस सरल्यावर, थंडीत, हळू हाताने माती उकरून कंद काढायचा, घासायचा, लहानमोठा निवडायचा, तोलायचा. एकच काम त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा करण्यात ज्याच्या मनाला शांती मिळते, त्याला आपण ऑफिसात 'विचित्र' म्हणू. आळ्यापाशी तोच माणूस सगळ्यांत भरवशाचा ठरू शकतो. शेतात बोलण्याची सक्ती नसते, नजरेला नजर भिडवावी लागत नाही, आणि कंद कोणाची घाई करत नाही.

जुन्या गावाला हे न शिकवता ठाऊक होते. शेताला जेव्हा सगळ्या हातांची गरज होती, तेव्हा घरातल्या अशा मुलाकडेही गुरे, पाणी, लाकूडफाटा यांतले काहीतरी असायचे. त्याची टिंगल व्हायची, कधी त्याला बांधूनही ठेवायचे, हे मी झाकत नाही. पण त्याच्यावाचून काहीतरी अडायचे. आता तरणी माणसे गोव्याला, दांडेलीला कामाला जातात, शेत पडीक राहते आणि तो घरात बसतो. ज्याच्यावाचून कोणाचेच अडत नाही, अशा माणसाला आपण 'देवाचे लेकरू' म्हणतो आणि आपली जबाबदारी देवावर ढकलून मोकळे होतो.

ख्रिस्ती जगाला हा विषय नवा नाही. बेल्जियममधल्या गील गावात संत डिम्फ्नाचे तीर्थस्थान आहे. मनाने आजारी असलेल्यांना लोक तिथे घेऊन येत. चर्चजवळची जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि मध्ययुगात सुरू झालेली ती रीत आजपर्यंत चालू आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस साडेतीन हजारांवर अशी माणसे तिथल्या घरांत राहत होती. त्यांतली बरीच घरे शेतकऱ्यांची होती आणि पाहुणे शेतात हात लावत. आज ती संख्या खूप कमी झाली आहे, पण गाव त्यांना 'रुग्ण' म्हणत नाही, घरी राहणारा पाहुणा म्हणते.

दुसरे उदाहरण कॅम्पहिलचे. व्हिएन्नाचे डॉक्टर कार्ल कोनिग हे ज्यू घराण्यात जन्मलेले. हिटलरच्या सत्तेपासून पळून ते स्कॉटलंडला आले. 1940 च्या जूनमध्ये ॲबरडीनजवळच्या कॅम्पहिल या जागेत त्यांची वसाहत सुरू झाली. तेव्हा पुरुषमंडळी 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून सरकारच्या अटकेत होती, म्हणून बायकांनीच सामान हलवले. त्याच काळात जर्मनीत 'निरुपयोगी' ठरवलेल्या सत्तर हजारांवर अपंग व मनोरुग्णांना सरकारने पद्धतशीर ठार मारले. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ऑगस्ट 1941 मध्ये वेदीवरून त्याविरुद्ध आवाज उठवला. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरते, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरीकडे निर्वासित बायका जमीन धरून बसल्या आणि अशाच मुलांसोबत राहू, काम करू लागल्या. आज वीसहून जास्त देशांत शंभरावर कॅम्पहिल वसाहती आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचा कणा शेती आहे.

'परदेशातले सांगू नका' असे कोणी म्हणेल. मग पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात जा. तिथे साधना व्हिलेज आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसे तिथे घरासारख्या घरांतून एकत्र राहतात, कामे वाटून घेतात, आणि संस्था आसपासच्या गावांसाठीही झटते. ही संस्था कोणत्या चर्चने काढलेली नाही. आपल्याला याचा आनंद व्हावा, आणि थोडी लाजही वाटावी.

कारण जमीन आपल्याकडे आहे. नगर-सोलापूरकडची जुनी मिशन कंपाउंडे, वसईच्या वाड्या, बेळगाव-खानापूरकडची चर्चच्या मागची मोकळी जागा. एका मंडळीचे नाव घेत नाही, पण तिथे अशा तरुणांसाठी जागेचा एक तुकडा मागितला तेव्हा 'धोका कोण पत्करणार?' असे उत्तर मिळाले. पुढे त्याच जागेवर गाड्या उभ्या करायला फरशी घातली गेली. गाड्यांसाठी धोका नसतो!

आता नेहमीचे आक्षेप.

'आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.' जरूर करा. पण स्वमग्नता हा रोग नाही, शाप नाही, भूतबाधा नाही. योहानाच्या 9 व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून कोणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला. आईवडिलांना गुन्हेगार ठरवणारी 'मुक्तीची प्रार्थना' प्रभूच्या नावाने करू नका.

'त्यांना पैशातले कळत नाही, मजुरी कशाला?' हा आक्षेप सगळ्यांत वाईट. मजुरी न देता राबवून घेण्याला सेवा म्हणत नाहीत, त्याला फुकटची वेठ म्हणतात. पैसे त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात गेले पाहिजेत.

'एखादा संतासारखा माणूस मिळाला तर करू.' इथे सावध राहा. ज्याँ व्हानिये यांनी 1964 मध्ये फ्रान्समध्ये लार्श ही चळवळ सुरू केली. बंगळूरचे आशा निकेतन 1970 मध्ये त्यातूनच उभे राहिले. जग व्हानियेंना जिवंत संत म्हणत होते. त्यांच्या मृत्यूनंतर, 2020 मध्ये, लार्शनेच नेमलेल्या चौकशीतून त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे बाहेर आले. लार्शचे काम खरे होते आणि आजही आहे. पण संतपणावर विसंबून दुर्बळांना कोणाच्याही हवाली करायचे नसते. नियम हवेत, दोन मोठी माणसे नेहमी सोबत हवीत, हिशेब उघडा हवा, आणि आईवडिलांना कोणत्याही वेळी आत येण्याचा हक्क हवा.

'शेती सगळ्यांना जमत नाही.' खरे आहे. कोणाला चिखलाचा स्पर्श सहन होत नाही, कोणाला उन्हाचा त्रास होतो, पॉवर टिलरच्या आवाजाने कोणी कान झाकून बसेल. त्याला सावलीत बिया निवडू द्या, वजन लिहू द्या, नाही तर 'नको' म्हणू द्या. नको म्हणण्याचा हक्क हाही प्रौढपणाचाच भाग आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक मंडळीने दहा गुंठे द्यावेत. चार-पाच तरुण, त्यांच्यासोबत पगारी एक जाणती व्यक्ती. कामाचा क्रम चित्रांच्या तक्त्यावर लावलेला. पीक रविवारी मिस्सानंतर चर्चच्या दारात विकायचे, आणि विकायला त्यांनीच बसायचे. सोबत कागदपत्रांचे काम मंडळीने अंगावर घ्यावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि बौद्धिक अपंगत्व दोन्ही आहेत, आणि सरकारी योजनांतल्या शेतजमीन-वाटपात पाच टक्के राखीव जागाही आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांपुढच्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, आणि निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. किती आयांना हे माहीत आहे? चर्चच्या सूचनाफलकावर यासाठी कधी जागा मिळाली आहे?

पौलाने करिंथकरांना शरीराचा दाखला दिला, तो दुबळ्या अवयवांची कीव करण्यासाठी नाही. ते अवयव शरीराला आवश्यक आहेत असे तो सांगतो. येत्या 3 डिसेंबरला बिर्याणीचे पातेले चढवण्याआधी पॅरिश कौन्सिलपुढे एकच प्रश्न ठेवा. आपल्या धर्मग्रामात असे किती तरुण आहेत, आणि त्यांच्यावाचून आपले काय अडते? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर पातेले उतरवा आणि कुदळ घ्या.

हे प्रभू, तू पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चावडीवर येत राहिलास. आम्हांलाही तिथे घेऊन चल. आमच्या बंद फाटकांची कुलपे उघड, आणि तुझ्या मळ्यात सर्वांना काम आणि सर्वांना पूर्ण मजुरी मिळू दे. आमेन.