डोंगर कुणाचा?

मागच्या लाँग वीकएंडला साउथ डाकोटात जाऊन माउंट रशमोर पाहिलं. वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन, एकेक चेहरा ६० फुटी! १९२७ ते १९४१ अशी चौदा वर्षं सुरुंग लावून हा डोंगर कोरला. शेजारी एक अमेरिकन आजोबा टोपी काढून उभे होते. त्यांचे डोळे भरलेले बघून मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

रात्री हॉटेलवर वाचत बसलो आणि सगळी मजाच गेली. १८६८ च्या तहात अमेरिकी सरकारनंच हे ब्लॅक हिल्स लाकोटा आणि इतर सू लोकांसाठी राखून ठेवले होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं, १८७७ मध्ये डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. सू लोकांनी ती आजवर घेतलेली नाही. त्यांना पैसे नकोत, डोंगर हवेत.

आजोबांचा अभिमान खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण लिंकनला डोंगराएवढा कोरणाऱ्या देशाला मोडलेला शब्दही तेवढ्याच ठळकपणे सांगता आला पाहिजे. नाहीतर ते स्मारक अर्धंच. असो. तुम्ही गेलात तर चेहरे जरूर बघा, पण डोंगरही बघा.