बदक ओरडले, प्रतिध्वनी कुठे गेला?

वाचकहो, बदकाच्या ओरडण्याचा प्रतिध्वनी कधीच उमटत नाही आणि याचे कारण शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही, असे जर कोणी आपणांस चारचौघांत ठासून सांगितले तर आपण काय कराल? बहुतेक जण मान डोलावतील. विधान मजेदार आहे, त्यात शास्त्रज्ञांची थोडीशी फजिती आहे आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी आपणच ते आणखी दोघांच्या कानी घालतो. इंग्रजी बोलणाऱ्या जगात हे वाक्य अशाच रीतीने वर्षानुवर्षे सुखाने फिरत राहिले.

याच वाक्याचे नाव धारण करणारा एक कार्यक्रम ब्रिटनमधील 'स्काय वन' या दूरचित्रवाणी वाहिनीवर २०१४ साली सुरू झाला आणि २०१६ पर्यंत चालला. 'डक क्वॅक्स डोन्ट एको' हे त्याचे नाव. सूत्रधार ली मॅक हे विनोदी नट, आणि त्यांचे पाहुणेही बहुधा त्याच पेशातले. प्रत्येकाने आपल्या आवडीचे एखादे शास्त्रीय विधान घेऊन यावयाचे, त्याची बाजू मांडावयाची, इतरांनी त्याची यथेच्छ टवाळी करावयाची, आणि मग प्रयोगाने निकाल लागावयाचा, अशी त्याची मांडणी होती. निकाल समजावून देण्यास तज्ज्ञ हजर असत. त्यांत डॉ. एमिली ग्रॉसमन या जीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. (ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नव्हे. केवळ पुरुषांनी भरलेली विनोदी मंडळे यापुढे दाखवली जाणार नाहीत, असे बी.बी.सी.ला त्याच २०१४ साली जाहीर करावे लागले होते.)

आपल्याकडे प्रश्नमंजूषेची परंपरा जुनी आहे. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांनी सादर केलेली 'क्विझ टाइम' ही स्पर्धा अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु तेथे उत्तर आधीच प्रश्नकर्त्याच्या हातात असते, आणि ज्याला ते अधिक लवकर आठवेल तो जिंकतो. ब्रिटनमधील या विनोदी मंडळात पाठांतराला फारशी किंमत नव्हती. "हे तुला कोणी सांगितले?" आणि "करून पाहिलेस काय?" हे दोन प्रश्न तेथे महत्त्वाचे होते. हे प्रश्न विचारण्याचे धैर्य विद्वानांपेक्षा विदूषकाला अधिक असते, कारण आपले अज्ञान उघडे पडेल याची त्याला भीती नसते.

आता बदकाकडे वळू. हा कार्यक्रम जन्माला येण्यापूर्वीच, २००३ साली, इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात ध्वनिशास्त्राचे अभ्यासक ट्रेव्हर कॉक्स यांनी या विधानाची परीक्षा घेतली होती. डेझी नावाच्या एका बदकाला प्रथम प्रतिध्वनीरहित खोलीत नेण्यात आले. अशा खोलीच्या भिंती ध्वनी शोषून घेणाऱ्या मऊ पाचरींनी मढवलेल्या असतात, त्यामुळे तेथे केवळ मूळ आवाज ऐकू येतो. नंतर तिला आवाज सर्व बाजूंनी परावर्तित करणाऱ्या, घुमणाऱ्या खोलीत नेले. तेथे डेझीचा आवाज चांगलाच घुमला. बदकाचा आवाज इतर कोणत्याही आवाजाप्रमाणे परावर्तित होतो, हे सिद्ध झाले.

मग इतक्या लोकांनी तो ऐकला नाही हे खोटे काय? तेही खोटे नाही, आणि खरी मौज येथेच आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने जातो. मूळ आवाज आणि त्याची परतफेड यांत सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर पडले तरच कानाला ते दोन वेगळे आवाज वाटतात. म्हणजे समोरचा पृष्ठभाग किमान १७ मीटर दूर हवा. बदक पोहते ते मोकळ्या तळ्यात, जेथे भिंत नाही की कडा नाही. शिवाय त्याचे ओरडणे टाळीसारखे एकदम तुटत नाही. ते हळूहळू विरत जाते, आणि परत आलेला क्षीण आवाज त्या शेपटाखाली झाकला जातो. विजापूरच्या गोलघुमटात एका टाळीच्या अनेक टाळ्या झालेल्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा भेद ताबडतोब उमगेल.

या प्रकारच्या कार्यक्रमांत मला एक उणीव दिसते. एका प्रयोगाने, एका स्वयंसेवकावर, हास्याच्या गडगडाटात लागलेला निकाल अंतिम मानण्याचा मोह प्रेक्षकाला होतो. बी.बी.सी.चा 'क्यू.आय.' हा २००३ साली सुरू झालेला कार्यक्रम या बाबतीत उद्बोधक आहे. लोकप्रिय परंतु चुकीचे उत्तर देणाऱ्याचे गुण तेथे भोंगा वाजवून कापले जातात. पृथ्वीला चंद्र किती, या प्रश्नाला 'एक' म्हणणाऱ्यावर प्रारंभी हाच प्रसंग आला. 'क्रुईन्या' नावाचा दुसरा चंद्र आहे, असे सांगण्यात आले. वस्तुतः १९८६ साली सापडलेला हा लघुग्रह सूर्याभोवती फिरतो. त्याची एक फेरी सुमारे ३६४ दिवसांत पुरी होते, म्हणून तो आपला सोबती भासतो इतकेच. पुढे 'क्यू.आय.'नेच आपले उत्तर बदलले. असे बदल प्रेक्षकांसमोर करणे मला भोंग्याहून मोलाचे वाटते.

बदकाविषयी गैरसमज राहिला तरी कोणाचा संसार बुडत नाही. परंतु ज्या वाटेने हे विधान घरात येते, त्याच वाटेने इतरही येतात. साप चावल्यास जखमेवर चीर देऊन विष तोंडाने शोषून काढावे आणि वरच्या बाजूस दोरी करकचून आवळावी, हे आपण चित्रपटांत पाहिले आहे व मोठ्यांच्या तोंडून ऐकलेही आहे. वैद्यकशास्त्र आज या तिन्ही गोष्टी निषिद्ध मानते. तो अवयव न हालवता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे, कारण प्रतिविषाची लस तेथे मिळते. अशा विधानाची परीक्षा अर्थात घरी किंवा रंगमंचावर करावयाची नसते. त्यासाठी असंख्य रोग्यांवरील उपचारांचा अनुभव लागतो. पण "कोणी सांगितले?" हा प्रश्न तेथेही विचारता येतो, आणि घरातील दहा वर्षांच्या मुलाने तो विचारला तर त्याला गप्प बसवू नये.

प्रतिध्वनीची परीक्षा मात्र आपण मुलांसह अवश्य करावी. शाळेची एखादी उंच, सपाट भिंत निवडा आणि तिच्यापासून चाळीसेक पावले मागे जा. सकाळची शांत वेळ उत्तम. प्रथम एकच जोरदार टाळी वाजवा. नंतर 'आ' असा दीर्घ, क्रमाने विरत जाणारा स्वर काढा आणि दोहोंची परतफेड कशी ऐकू येते ते पाहा. बदक मिळाल्यास उत्तमच. ते ऐन वेळी ओरडेलच याची हमी मात्र देता येत नाही.