जीएसटी नोंदणी सात दिवसांत मिळते, मग अडकते कुठे?

माझी मावशी सांगलीत मसाले करते. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, असं. बेळगाव आणि बंगळूरहून ऑर्डरी यायला लागल्यावर प्रश्न आला जीएसटीचा. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून लागते. मावशीने एक गाळा भाड्याने घेतला आणि ‘घरात इंजिनिअर आहे की’ म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. हे २०२५च्या फेब्रुवारीतलं.

सरकारी फी शून्य. आधार पडताळणी झाली, अर्ज जोखमीचा ठरला नाही, तर अधिकाऱ्याने कामाच्या ७ दिवसांत निर्णय द्यायचा. त्याने काहीच केलं नाही तर नोंदणी आपोआप मंजूर! नियम वाचून मी खूश झालो होतो.

सातव्या दिवशी क्वेरी आली: गाळामालकाचं आधार आणि पॅन जोडा. मालक पुण्यात मुलाकडे राहतात. दुसऱ्याच्या धंद्यासाठी आपलं आधार द्यायला ते तयार नव्हते, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. भाडेकरार आणि लाइटबिल पुन्हा जोडून मी दोन दिवसांत उत्तर दिलं. आणखी ७ दिवसांनी अर्ज फेटाळला गेला.

आता गंमत बघा. क्वेरी गेली की ‘आपोआप मंजूर’चं पहिलं घड्याळ थांबतं. उत्तराला तुम्हाला ७ दिवस, त्यानंतर अधिकाऱ्याला नवे ७. आमच्या ऑफिसात सपोर्ट तिकिटांचं हेच होतं. मुदत संपत आली की तिकीट ‘वेटिंग फॉर कस्टमर’ करायचं, घड्याळ बंद. शुक्रवारी संध्याकाळी मीही केलंय. म्हणजे मुदत पाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काहीतरी प्रश्न विचारणं. खोट्या कंपन्या काढून इनपुट क्रेडिट लाटणारे आहेत, त्यामुळे तपासणी हवीच. पण मालकाच्या आधारची झेरॉक्स मागून ते थांबत नाहीत.

दुसऱ्यांदा मावशीने (माझ्यावरचा विश्वास उडाल्यामुळे) एजंटला अडीच हजार दिले. कागद तेच, नोंदणी पाचव्या दिवशी. मधल्या सव्वा महिन्यात बंद गाळ्याचं साडेसात हजार भाडं गेलं, आणि परराज्यातल्या ऑर्डरी परत केल्या त्या वेगळ्याच.

हा त्रास एकट्या मावशीला नव्हता. १७ एप्रिल २०२५ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना क्र. ०३/२०२५ काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय: भाडेकरारासोबत मालकाच्या मालकीचा कोणताही एक पुरावा पुरे, म्हणजे घरपट्टीची पावती किंवा लाइटबिल वगैरे. मालकाचं पॅन, आधार, जागेत उभा असलेला फोटो मागायचा नाही. यादीबाहेरचं काही हवंच असेल तर आधी वरिष्ठांची मंजुरी घ्यायची. अशी क्वेरी आली तर उत्तरात या सूचनेचा क्रमांक आणि तारीख जरूर टाका. मात्र सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. तुमचा अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला असेल तर ती थेट लागू होत नाही.

माझ्या मते ही मंजुरी पोर्टलमध्येच बसवायला हवी. वरिष्ठाने ‘ओके’ दाबल्याशिवाय यादीबाहेरची क्वेरी सबमिटच होऊ नये. प्रोग्रामरला हे काम फार अवघड नाही.

१ नोव्हेंबर २०२५पासून नियम १४ए आलाय. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल आणि आधार पडताळणी झाली, तर हा पर्याय निवडून ३ कामाच्या दिवसांत सिस्टिमकडूनच नोंदणी मिळू शकते. मावशीसारख्यांची विक्री थेट घरगुती गिऱ्हाइकांना असते, म्हणजे ही मर्यादा त्यांच्या आसपासही येत नाही. मावशीची शेजारीण पापडांसाठी याच पर्यायातून अर्ज करतेय. फॉर्म परत माझ्याकडेच आलाय.