पहिला अर्धा तास कोणाचा?

‘महत्त्वाच्या ठिकाणांचे संरक्षण’ म्हटले की आपल्यापुढे काटेरी कुंपण आणि बंदूकधारी जवान उभे राहतात. १९६९ साली सरकारी उद्योगांसाठी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभारले गेले. पुढे विमानतळही त्याच्याकडे आले. हे सारे हवेच. पण जवान पोहोचेपर्यंतचा पहिला अर्धा तास कोणाचा, हा प्रश्न पोलिसी योजनांत पुरेसा विचारला जात नाही, असे माझे मत आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. (मी तेव्हा जेमतेम बोलायला शिकलो होतो, सांगतो ते वाचलेले.) छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघा हल्लेखोरांनी पन्नासांहून अधिक माणसे मारली. मानेसरचे कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. स्थानकावर अनेकांचे प्राण वाचवले ते उद्घोषक विष्णू झेंडे यांनी. आपल्या कक्षात बसून ते प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर स्त्रियांना कोठीच्या खोलीत हलवले. तिथलेच दोन पहारेकरी मात्र मारले गेले.

पुढे २००९ मध्ये कमांडोंचे केंद्र मुंबईत आले, राज्याने ‘फोर्स वन’ उभारली. झेंडे आणि कुलथे यांचे आपण कौतुक केले. त्यांना त्या क्षणी सुचले. न सुचते तर?

माझे वडील एका गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. काठी, शिट्टी आणि नोंदवही एवढीच त्यांची सामग्री. अधूनमधून पाहणी होते. साहेबलोक नकाशा पाहतात, चहा घेतात. मागचे फाटक गंजले आहे, ते उघडायला दोन माणसांचा जोर लागतो, हे नकाशावर नाही. वडिलांना ठाऊक आहे, पण त्यांना विचारतो कोण!

कोणी म्हणेल, अशा योजना गुप्तच असायच्या. बंदोबस्ताचे आकडे जरूर गुप्त ठेवा. पण बाहेर पडण्याची वाट तिथे राबणाऱ्यांपासूनच लपवून रक्षण कोणाचे होणार? दार कोणी लावायचे, फोन कोणाला करायचा, घोषणा कोणी करायची, एवढे तरी झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सर्वांना ठाऊक हवे. जिल्हा रुग्णालयातला पुढचा सराव भर दुपारी पाहुण्यांसमोर न घेता रात्री दोन वाजता घ्यावा, आणि पाळीवरच्या आयाबाईंना आधी विचारावे, ‘मावशी, इथली किती दारे खरोखर उघडतात?’